ड्रायबर्गच्या ॲबीत लग्न: मामाच्या वहीतली तयारी

भाचीचं लग्न ड्रायबर्ग ॲबीत लावायचं ठरलं, तेव्हा मामा म्हणून तिला बोहल्यापर्यंत आणायचं काम माझं होतं. त्याआधी वर्षभर मी एक वही ठेवली होती. स्कॉटलंडमधल्या आणखी दोन मराठी घरांत आता तोच बेत चाललाय, म्हणून त्या वहीतलं इथे उतरवून देतो.

सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा. ड्रायबर्ग म्हणजे ट्वीड नदीच्या वळणावर ११५० साली स्थापन झालेला ख्रिस्ती मठ. इंग्रज सैन्याने तो १३२२, १३८५ आणि १५४४ मध्ये जाळला. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर इथलं साधूंचं जीवन संपत गेलं आणि आज चर्चच्या बहुतेक भागावर छप्पर नाही. शिवाय तिथे थडगी आहेत. लेखक सर वॉल्टर स्कॉट १८३२ मध्ये आणि पहिल्या महायुद्धातले सेनापती हेग १९२८ मध्ये तिथेच पुरले गेले. भग्न वास्तूत, थडग्यांच्या शेजारी मंगलकार्य ही कल्पना आपल्याकडच्या मोठ्या माणसांना खटकते आणि त्यांचं खटकणं मनापासूनचं असतं. म्हणून फोटो दाखवताना नुसत्या कमानी दाखवू नका, थडगीही दाखवा. माझ्या आईने ओल्ड गोव्यातला संत ऑगस्टीनचा जांभ्या दगडाचा उरलासुरला मनोरा पाहिला होता. तसंच काहीसं आहे म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जागा उभी राहिली. तिने एकच मागितलं, की वधूवरांच्या नजरेसमोर थडगी नकोत. बोहल्याची दिशा आम्ही त्यावरूनच ठरवली.

मग जागेची परवानगी. ड्रायबर्गची देखभाल हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही सरकारी संस्था करते. पहिल्याच पत्रात चार गोष्टी विचारून घ्या. कोणते तास मिळतील, त्या वेळी इतर पर्यटक आत असतील का, खुर्च्या आणि सामान गाडीने कुठपर्यंत नेता येईल आणि त्या तारखेला कोणता भाग बंद असेल. गेल्या काही वर्षांत स्कॉटलंडमधल्या बऱ्याच जुन्या वास्तूंत उंचावरच्या दगडांची तपासणी चाललीय आणि तेवढ्यासाठी कुंपणं घातली जातात. ज्या कमानीखाली उभं राहायचं स्वप्न पाहिलंय तीच कुंपणाआड असू शकते. जागा बघायला एकदा तरी पावसात जा. तिथलं चॅप्टर हाऊस, म्हणजे साधू रोज सभेला जमायचे ती खोली, अजून दगडी छताखाली शाबूत आहे आणि भिंतींवर जुन्या रंगकामाच्या खुणाही आहेत. पाऊस आला तर ती मिळेल का आणि तिथे किती माणसं बसतील, हे लेखी घ्या. पाहुण्यांची यादी त्या आकड्यावरून करा.

कायद्याचा भाग स्कॉटलंडमध्ये सोपा आहे, पण तारखा चुकवून चालत नाही. इंग्लंडमध्ये नोंदणी पद्धतीचं लग्न मान्यताप्राप्त जागेतच लागतं आणि त्या विधीत धार्मिक काही चालत नाही. इथे कायदा जागेपेक्षा लग्न लावणाऱ्याकडे पाहतो. गुरुजींना तो अधिकार असेल तर आपल्या पद्धतीने, उघड्या आभाळाखाली लागलेलं लग्नही कायदेशीर ठरतं. नसेल तर रजिस्ट्रार जनरलकडे त्या एका लग्नापुरती मान्यता मागता येते. ती मागायला उशीर करू नका. वधू आणि वर दोघांनीही एम-१० नावाचा फॉर्म लग्न जिथे लागणार त्या भागाच्या रजिस्ट्रारकडे द्यायचा असतो. तो लग्नाआधी तीन महिन्यांच्या आत आणि उशिरात उशिरा २९ दिवस आधी पोचला पाहिजे. दहा-बारा आठवडे आधी देऊन टाका. गावाकडचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. दोघांपैकी कुणी लग्नापुरतं भारतातून येणार असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा चालत नाही, मॅरेज व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. आजी-आजोबांना पाहुणे म्हणून साधा व्हिसा पुरतो, पण त्यांचे अर्जही सगळ्यांत आधी भरा.

आता दगडांविषयी. माझा जीव जास्त इथेच गुंतलाय. या भिंती वालुकाश्माच्या आहेत आणि तो दगड रंग पितो. हळद एकदा लागली तर निघणार नाही, आणि घासून काढायला गेलात तर दगडच झिजेल. त्यामुळे हळदीचा कार्यक्रम घरीच उरका आणि हळदीकुंकवाची ताटं भिंतीला टेकवू नका. अक्षता उधळायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं. प्रत्येक पाहुण्याच्या हातात रंग न लावलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी दिली आणि शेवटच्या ‘सावधान’नंतर सगळ्यांनी ती रांगेने येऊन वधूवरांसमोरच्या परातीत सोडली. एक दाणा खाली पडला नाही. उलट प्रत्येक जण जवळ येऊन दोघांचा चेहरा पाहून गेला, हे मला उधळण्यापेक्षा आवडलं. मांडवासाठी जमिनीत खुंटी ठोकायची नाही. अशा संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय काही उभारणं किंवा खोदणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गवताखाली अजून शेकडो वर्षांचे थर आहेत. डेकोरेशनवाल्याला स्वतःच्या वजनावर उभी राहणारी चौकट आणायला सांगा, भिंतीला दोरीही बांधू देऊ नका. खरं तर तिथे मांडवाची गरजच भासत नाही.

होमाचं आधी गुरुजींशी बोला. उघड्या आगीला परवानगी मिळणार नाही असं धरूनच आखणी करा. आम्ही अंतरपाट, मंगलाष्टकं आणि हार ॲबीत ठेवले, तर विवाहहोम, लाजाहोम आणि सप्तपदी शेजारच्या हॉटेलच्या हिरवळीवर केली. विधींचा क्रम असाच असल्याने काही मोडल्यासारखं वाटलं नाही.

मुहूर्त काढताना भारतातल्या पंचांगाची वेळ नुसती साडेचार तास मागे घेऊ नका. लग्नरास आणि सूर्योदय ड्रायबर्गच्या अक्षांश-रेखांशावरून काढून घ्या. गोरज मुहूर्ताचा हट्ट असेल तर हे लक्षात ठेवा, की त्या भागात जूनच्या मध्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या मध्यात दुपारी पावणेचारच्या आत. आम्ही सप्टेंबरमधली दुपार घेतली.

वारा पावसापेक्षा जास्त त्रास देतो. छत नसलेल्या चर्चमध्ये तो कुठूनही घुसतो आणि अंतरपाट पतंगासारखा उडतो. माझ्या बहिणीने त्याच्या खालच्या काठात तांदळाच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि वर बांबूची काठी घातली. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि वाऱ्याचा आवाज अडवणारा माइक हवा. सनईही त्याच स्पीकरवर लावा. वधूवर पाटावर अनवाणी उभे राहणार असतील तर पाटाखाली जाड चटई घाला. सप्टेंबरमध्येही गवत ओलं असतं. पैठणीचा काठ दोन बोटं वर घ्या आणि उंच टाचा टाळा. मोठ्यांसाठी शाली आणि घोंगड्या घेऊन जा. जागेत दगडी पायऱ्या आहेत, पातळी सारखी नाही, त्यामुळे चाकाच्या खुर्चीचा रस्ता आदल्या दिवशी स्वतः चालून बघा. मीही वधूला आणायचा रस्ता दोनदा चालून पाहिला.

जेवण ॲबीत नकोच, हॉटेलात ठेवा. पाहुणे एडिनबर्गहून रेल्वेने ट्वीडबँकपर्यंत येऊ शकतात, साधारण तासाभरात. पुढे गाडीच लागते, म्हणून मिनीबस सांगून ठेवा.

शेवटी मॅरेज शेड्यूल, म्हणजे लग्नानंतर सह्या करायचा रजिस्ट्रारचा कागद. गुरुजी लग्न लावणार असतील तर लग्नाआधीच्या सात दिवसांत वधू किंवा वराने स्वतः जाऊन ते रजिस्ट्रारकडून आणायचं. ते हातात नसेल तर लग्न लावता येत नाही. ते कुणाच्या पिशवीत आहे हे निदान तिघांना माहीत असू द्या. विधी झाल्यावर वधू, वर, गुरुजी आणि सोळा वर्षांवरचे दोन साक्षीदार सह्या करतात. हळदीच्या हाताने सही करू नका, आधी हात पुसा आणि पेन कोरडं ठेवा. मग तीन दिवसांच्या आत तो कागद रजिस्ट्रारकडे परत पोचवायचा. नवं जोडपं तेव्हा देवदर्शनाला निघालेलं असतं, म्हणून हे काम मी स्वतःकडे घेतलं होतं. तुमच्याकडेही ते कुणा एका माणसाच्या नावावर आधीच टाकून ठेवा.