लांबलचक इंग्रजी शब्द आधी शेपटीकडून तोडा

पाचवी-सहावीतल्या मुलांना ‘डिसअपॉइंटमेंट’सारखा शब्द दिसला की ती सुरुवात वाचतात आणि पुढचं अंदाजाने म्हणून टाकतात. स्पेलिंग घोकलं तरी दोन दिवसांत विसरतात. त्यावर हे करून बघा.

१. शब्द वहीत मोठा लिहा. आधी शेपूट शोधा: मेंट, नेस, फुल, एबल. तिथे पेन्सिलने उभी रेघ मारा.

२. मग पुढचा तुकडा: अन, डिस, मिस, री. तिथे दुसरी रेघ.

३. मधे उरतो मूळ शब्द, इथे ‘अपॉइंट’. तोही लांब वाटला तर हनुवटीखाली हात धरून सावकाश म्हणा. हनुवटी हाताला जितक्यांदा टेकते, साधारण तितके उच्चाराचे तुकडे.

स्पेलिंगला याचा फार उपयोग होतो. ‘डिस’मध्ये एस एकच आणि ‘अपॉइंट’मध्ये पी दोन, त्यामुळे कुठलं अक्षर दुहेरी हा गोंधळच उरत नाही. ‘गव्हर्नमेंट’मधला ऐकू न येणारा एनही असाच सापडतो: ‘गव्हर्न’ अधिक ‘मेंट’. मराठीत अ-विश्वास किंवा गैर-समज फोडायची सवय असते, म्हणून मुलांना हे पटकन जमतं.

फक्त तोडल्यावर उरलेल्या तुकड्याला अर्थ आहे का, ते बघा. ‘अंकल’ची सुरुवातही यू-एनने होते, पण तो ‘अन’ नव्हे. आणि ‘हॅपी’ला ‘नेस’ जोडताना वायचा आय होतो.