बेळगावात कार्यालयाचा गाळा भाड्याने देताना

टिळकवाडीत किंवा कॉलेज रोडवर कार्यालयासाठी गाळा देताना करार एका वर्षाहून अधिक मुदतीचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार उपनिबंधक कार्यालयात त्याची नोंदणी करावीच लागते. नोंदणी टाळलेला करार वादाच्या वेळी मुदतीचा पुरावा म्हणून टिकत नाही. दस्त कन्नडमध्ये असेल, तर सहीपूर्वी प्रत्येक कलम भाडेकरूला मराठीत समजावून सांगावे, कारण न समजलेली अटच पुढे भांडणाचे मूळ ठरते, असा माझा अनुभव आहे. अनामत, भाडेवाढ आणि जिन्याच्या सफाईचा खर्च आकड्यांत लिहावा. ताबा देताना हेस्कॉम या वीज कंपनीच्या मीटरवरील आकड्याचे आणि भिंतींचे, अगदी खिळ्यांच्या भोकांसह, फोटो काढून छापील प्रतींवर दोघांनी सह्या कराव्यात. जागा सोडताना अनामतीचा हिशेब त्यांवरूनच करावा.