गावातल्या पेवाचा इतिहास कसा लिहून ठेवाल

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी उदंड पिकायची आणि ती ठेवायला घरोघर पेवं, म्हणजे जमिनीत खोदलेली धान्याची कोठारं, होती. आता पोती आली, गोदामं आली, पेवं बुजली. ज्यांनी पेव भरलेलं पाहिलंय ती माणसं आहेत, तोवर हे काम उरकून घ्या.

आधी एक बजावते: पेवात उतरू नका. तोंड बंद केलं की आतलं धान्य श्वास घेत राहतं, प्राणवायू संपतो. म्हणून तर किडा मरतो आणि ज्वारी टिकते. त्याच हवेनं माणूसही जातो. वरूनच बॅटरी मारा, काठीला टेप बांधून खोली मोजा. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं फुगलेलं असतं. मुरूम कसा आहे, कडेला कडब्याचा थर दिसतो का, झाकणाचा दगड कुठं गेला, सगळं लिहा.

मग माणसं. ‘पेव कधी खोदलं?’ असं विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात. त्यापेक्षा विचारा, ‘72 च्या दुष्काळात पेव उघडलं होतं का? कुणाकुणाला ज्वारी दिली? सवाईनं की उसनी?’ (सवाई म्हणजे परत घेताना सव्वापट.) मग बोलणं थांबत नाही. दुष्काळात वाटलेली सुकडी निघते, खडी फोडायची कामं निघतात. बायकांना वेगळं बसवून विचारा. पेवातल्या ज्वारीचा आंबूस वास, तिची भाकरी कशी व्हायची, हे त्याच सांगतात. कुणाच्या दारात धान्य पोचलं नाही, हेही बहुतेक त्यांच्याच तोंडून कळतं. ते गाळू नका. मला तर पेवाचा खरा इतिहास तोच वाटतो.

माप जसं सांगतील तसंच लिहा. 20 मणांची खंडी. पण मणाला पायल्या किती, ते त्याच घरात विचारा. घाईनं क्विंटल करू नका.

दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उघडली, ही कथा प्रत्येक जण सांगेल. मनापासून ऐका, पण वेगळ्या पानावर ठेवा.

कागदांत जुने सातबारे, फेरफार, घरातल्या चोपड्या बघा. सोलापूरचं 1884 चं गॅझेटियरही चाळा, 1876-77 च्या दुष्काळाची माहिती त्यात आहे.

जागा नोंदवताना नुसतं ‘अमक्याचा वाडा’ लिहू नका, वाडे विकले जातात. वेस, मारुतीचं देऊळ, आड यांपासूनचं अंतर लिहा. वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या, एक त्या घरात.