‘वेंट’ शिकवायचं तर आधी आपला दिवस सांगा

दुसरीतली एक मुलगी माझ्याकडे शिकवणीला येते. परवा चपला काढता काढताच म्हणाली, ‘‘टीचर, येस्टरडे आय गोड टू उपवन!’’ शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, ‘‘उपवन गोड असतं का?’’ आणि ती एकदम गप्प झाली. मी तिला जवळ बसवलं. ‘‘अरे वा, यू वेंट टू उपवन! आय वेंट टू तलावपाळी.’’ ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आय वेंट विथ आजोबा. आय ईटेड भेळ.’’ मी म्हटलं, ‘‘यू एट भेळ! आय एट कणीस.’’

बस, एवढंच करायचं. चूक बोट ठेवून दाखवायची नाही, ‘पुन्हा म्हण’ म्हणायचं नाही. बरोबर रूप आपल्या उत्तरात घालून गप्पा पुढे न्यायच्या.

मी ठाण्यात, नौपाड्यात घरी पहिली ते तिसरीच्या मुलांना शिकवते. निम्मी मराठी शाळेतली, निम्मी इंग्रजी शाळेतली. 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ असली नियमाबाहेरची रूपं मुलांना कशी शिकवायची, हा प्रश्न दोन्हीकडच्या पालकांना पडतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका मुलाला वहीत 20 वेळा ‘वेंट’ लिहायला लावलं होतं. वहीत सगळं बरोबर आलं, पण पुढे महिनाभर तो कालचं काही सांगेचना. ते अजून मनाला लागतं.

मूल ‘गोड’ म्हणतं तेव्हा त्याला नियम सापडलेला असतो. प्ले-प्लेड, कुक-कुक्ड हे त्याने ऐकलं आणि गो-लाही तेच शेपूट लावलं. कधी कधी तर मूल आधी ऐकून ‘वेंट’ बरोबर म्हणत असतं, नियम सापडला की ‘गोड’वर जातं आणि मग पुन्हा ‘वेंट’वर येतं. मधल्या टप्प्यात आईबाबा घाबरतात, पण ती प्रगतीच असते. आपलीच मुलं आठवा. ‘मी करलं’ म्हणत होती ना? आजीने ‘हो का, तू केलंस?’ म्हटलं आणि हळूहळू ‘केलं’ तोंडात बसलं. जाणे-गेला, येणे-आला, होणे-झालं, यांचा तक्ता कुणी पाठ करून घेतला नव्हता.

इंग्रजीत अडचण अशी की रोजची क्रियापदंच नियमाबाहेरची. गो, कम, सी, से, डू, हॅव, गेट, मेक, टेक, गिव्ह, सगळी. जे शब्द सतत कानावर पडतात त्यांची जुनी रूपं टिकून राहतात. कमी वापरातली नियमाला शरण जातात. हेल्पचा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, आज ‘हेल्प्ड’ आहे. म्हणजे ही रूपं टिकली ती कानांच्या जोरावर, आणि मुलापर्यंतही ती कानांतूनच पोचतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण मुलाला विचारतो, ‘व्हेअर डिड यू गो? व्हॉट डिड यू ईट?’ या प्रश्नांत ‘वेंट’ कुठे आहे? ‘एट’ कुठे आहे? नाहीच. डिड आला की क्रियापद मूळ रूपात येतं. ज्या मुलाला फक्त प्रश्नच विचारले जातात, त्याच्या कानावर ‘वेंट’ पडणार कसा? म्हणून मी पालकांना सांगते, विचारू नका, सांगा. रात्री जेवताना आपल्या दिवसाची चार वाक्यं: ‘आय टुक द बस. आय सॉ अ बिग डॉग. आय बॉट मेथी. आय केम होम.’ जांभळी नाक्यावरची भाजीखरेदी यासाठी उत्तम, कारण तिथे आपण गेलो, बघितलं, घेतलं, दिलं, आणलं. पाच क्रियापदं एका पिशवीत.

पहिले तीन-चार आठवडे दहाच क्रियापदं घ्या. रोज दहा मिनिटं पुरतात. माझ्याकडे हॉलमधल्या दोन लाद्यांवर कागद चिकटवलेत, एकावर ‘रोज’, दुसऱ्यावर ‘काल’. मूल ‘रोज’वर उभं राहून म्हणतं, ‘एव्हरी डे आय ड्रिंक मिल्क.’ उडी मारून ‘काल’वर: ‘येस्टरडे आय ड्रँक मिल्क.’ पाय जागा बदलतात तसा शब्दही बदलतो, हे त्यांना पटकन कळतं. लिहिणं नंतर.

दहा पक्की झाली की मग आवाजाने जुळणारी कुटुंबं. सिंग-सँग, रिंग-रँग, स्विम-स्वॅम. ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू, फ्लाय-फ्लू. स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट. कट, पुट, हिट तर बदलतच नाहीत. मुलं यांच्यावर जाम खूश असतात. एक सावधगिरी: ब्रिंग आणि थिंक यांना सिंगच्या घरात राहू देऊ नका, नाहीतर ‘ब्रँग’ आणि ‘थँक’ ऐकू येणारच. त्यांना बाय-बॉट, कॅच-कॉटच्या घरी बसवा: ब्रॉट, थॉट. रीडचं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार मात्र ‘रेड’ होतो, तेव्हा ते मोठ्याने वाचूनच शिकवा. तिसरं रूप, म्हणजे गॉन, ईटन वगैरे, या वयात आणूच नका.

शेवटी नकार. ‘आय डिड नॉट वेंट’ ही आपल्या मुलांची अगदी ठरलेली चूक, कारण मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना ‘गेलो’ जागचा हलत नाही. इथे मी एक लाल बांगडी वापरते. तीन मुलं उभी करायची: एक ‘आय’, एक ‘डिड नॉट’, एक ‘वेंट’. बांगडी म्हणजे भूतकाळ, आणि ती एकच आहे. आधी ती ‘वेंट’च्या हातात असते. ‘डिड नॉट’ मध्ये येऊन उभा राहिला की तो ती काढून आपल्या हातात घालतो, आणि ज्याची बांगडी गेली त्याने मोठ्याने म्हणायचं, ‘गो!’