गाडीचा एसी एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट? गॅस भरण्याआधी हे करून पाहा

ड्रायव्हरकडे गार हवा आणि शेजारच्या सीटवर कोमट झुळूक, अशी तक्रार घेऊन गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: गॅस कमी झालाय, भरून घ्या. कधीकधी ते खरं असतंही. पण आधी स्वतः थोडी तपासणी करा. गारवा कुठे कमी आहे आणि कधी कमी होतो, यातच बरंचसं निदान दडलेलं असतं.

१. मोजून पाहा. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. इंजिन चालू, तापमान सर्वांत कमी, ब्लोअर मध्यम, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) सुरू. दोन झोनचा एसी असेल तर दोन्हीकडे तापमान सारखंच ठेवलंय ना, तेही बघा. 10 मिनिटांनी प्रत्येक व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरा आणि आकडे लिहून ठेवा. एसी ठणठणीत असेल तर मधल्या व्हेंटमधली हवा साधारण 5 ते 10 अंश सेल्सियस असते, कडक उन्हात थोडी जास्त. व्हेंटांमध्ये दोन-तीन अंशांचा फरक चालतो.

२. हवा कोमट आहे की कमी येतेय? सगळीकडेच जोर कमी असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. धुळीने काळा पडला असेल तर बदला.

३. एकच बाजू कोमट असेल तर संशयित मुख्यतः दोन.

पहिला, कमी झालेला गॅस. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात एका टोकाने शिरतो आणि उकळत पुढे जातो. तो अपुरा असेल तर वाटेतच सगळा उकळून जातो, उरलेली कॉइल कोमट राहते आणि तिच्यातून जाणारी हवाही.

दुसरा, ब्लेंड डोअर. गार आणि हीटरची गरम हवा किती मिसळायची, हे ही छोटी झडप ठरवते. तिची मोटर बिघडली की झडप अर्धवट उघडी अडकते. तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टकटक आवाज येतो का, ऐका.

दोघांतला फरक ओळखायला माझी आवडती चाचणी सकाळची. इंजिन पूर्ण थंड असताना एसी लावा. सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्या गार आणि इंजिन तापेल तशी एक बाजू गरम होत गेली, तर संशय झडपेवर. सुरुवातीला हीटरमध्ये उष्णताच नसते. पहिल्यापासूनच फरक असेल तर गॅसकडे बघा.

४. गारवा कधी जातो? सिग्नलला थांबल्यावर जातो आणि गाडी पळाली की परत येतो, असं असेल तर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या भागातली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पंखा तपासा किंवा कंडेन्सरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून इंजिन बंद करूनच हात घाला. तासाभराने हवेचा झोतच मंदावत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असावा. एसी बंद करून नुसता ब्लोअर 15 मिनिटं चालवा; झोत परत आला तर तेच कारण.

५. गॅस कमी निघाला तर आधी गळती शोधायला सांगा. गॅस वापराने संपत नाही, बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. जोडांवर तेलकट डाग दिसला तर बहुधा गळती तिथेच. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा ओढून काढून), बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरायला हवा. प्रकारही तोच: आर-134ए आणि आर-1234वायएफ हे एसी गॅसचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. स्वतः मात्र नळी सैल करू नका. आर-134ए उणे 26 अंशांना उकळतो, त्वचेवर उडाला तर हिमदाह होतो.

काम झाल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा मोजा, आणि दोन आठवड्यांनी आणखी एकदा. गॅस भरल्यानंतरही फरक हळूहळू परतला, तर गळती अजून बाकी आहे.