पडवीतली रोझमेरी

रोझमेरी म्हणजे स्वयंपाकात घालायचं सुवासिक पानांचं झुडूप. पहिली मी अंगणात मोगऱ्याच्या शेजारी लावली. आषाढ सरायच्या आत काळी पडली. उपटली तर मुळं कुजून बोटांना चिकटली.

ही बाई मूळची भूमध्य समुद्राकाठची. तिकडे जून ते ऑगस्ट कोरडे ठाक, पाऊस थंडीत. उन्हाळ्यात तिथे हवेच्या जास्त दाबाचा पट्टा येऊन बसतो आणि ढग धरू देत नाही. थंडीत तो दक्षिणेला सरकला की पश्चिमेचे वारे पाऊस घेऊन येतात. अथेन्सला वर्षाचा मिळून साधारण ४०० मिलिमीटर. आमच्या गुहागरात एवढा आषाढातल्या एका झडीत पडून जातो. म्हणून आपला पावसाळा हाच तिचा उन्हाळा, असं धरून चालायचं.

लावायची ती दिवाळीनंतर. चार बोटं लांबीची कोवळी फांदी घ्या, खालची पानं ओरबाडून ओल्या वाळूत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. दहांतल्या चार जगल्या तरी पुष्कळ.

मग मातीची कुंडी, तळाला मोठं भोक. अंगणातली माती, नदीची जाड वाळू आणि चिऱ्याची बारीक खडी, तिन्ही सारखी. समुद्र दारात आहे म्हणून पुळणीची वाळू घालू नका, खारट असते. शेणखत मूठभरच. आपली जांभ्याची माती आंबट, हिला चुनखडीची सवय. म्हणून मी तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, कुटून दोन मुठी मिसळते. जाऊबाई म्हणाल्या, "कालवण झाडाला पण वाढतेस काय?" हसू देत.

थंडीत पूर्ण ऊन. बोट खुपसून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच तांब्याभर पाणी. मे महिन्यात दुपारची सावली द्या.

मृगाच्या आधी कुंडी पडवीत घ्यायची, पागोळीपासून हातभर आत, विटांवर. दाट फांद्या कापून मोकळ्या करा, वारा खेळला पाहिजे, नाहीतर बुरशी येते. कुंड्या एकमेकींना चिकटवू नका. पाणी जवळपास बंद. मी श्रावणात आठवडा-आठवडा देत नाही. हस्ताचा पाऊस ओसरला की पुन्हा अंगणात.

सुनेच्या सांगण्यावरून बांगड्याला लावून बघितली. नको. आपली कोकमं बरी. बटाट्याला मात्र झकास लागते.