टीव्हीवर गेम खेळता? मग सेटिंगच्या या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मला फोन सुरू होतात, भुसावळहून, चोपड्याहून, कुठून कुठून, आणि रडगाणं एकच, नवीन टीव्ही घेतला, प्लेस्टेशन जोडलं, पण मजा नाही येऊन राहिली भो. अरे पण मेनू उघडून बघितला का एकदा तरी? नाही. डब्यातून काढला, वायर खुपसली, गेम सुरू.

पहिली आणि सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शोरूमचा मोड घरी चालू ठेवणं. व्हिविड किंवा डायनॅमिक मोड हा दुकानातल्या ट्यूबलाइटींच्या उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून असतो. शेवभाजीवर नुसती तर्रीच ओतावी तसा प्रकार, दिसायला लालभडक, खाली शेव कुठंय ते कळत नाही. मैदानाचं गवत रेडियमसारखं चमकतं आणि खेळाडूंचे चेहरे केशरी.

पण रंगाचं एक वेळ सोडा, खरा घात मागे चालू असलेली प्रोसेसिंग करते. माझा एक भाचा क्रिकेटचा गेम खेळतो. पूर्ण सुट्टीभर त्याची एकच तक्रार, मामा, बटण वेळेवर दाबतो तरी गेम लेटच दाखवून राहिला. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलं म्हणून बापाच्या मागे लागून नवा कंट्रोलर घेतला, तरी तेच. मग इंटरनेटला शिव्या, आणि पठ्ठ्या खेळत होता ऑफलाइन! मी गेलो, रिमोट हातात घेतला, तर व्हिविड मोड आणि मोशन स्मूदिंग फुल्ल. हे मोशनवालं प्रकरण (एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो) दोन फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारं एकेक चित्र) मध्ये स्वतःच्या मनाने एक फ्रेम बनवून घुसवतं, आणि ती बनवायला पुढची फ्रेम येईपर्यंत टीव्हीला थांबावं लागतं. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, आणि बऱ्याच टीव्हींवर गेम मोड (ही मागची प्रोसेसिंग कमी करून उशीर घटवणारी सेटिंग) बंद असताना उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणजे पाच-सहा फ्रेम गेल्या, बॉल कीपरकडे गेल्यावर बॅट फिरणार. गेम मोड चालू केला, पहिल्याच ओव्हरमध्ये चौकार. कंट्रोलरचे पैसे मात्र गेले.

म्हणून माझी सवय अशी, आधी गेम मोड, मग बाकी सगळं. उलटं केलं तर फुकट, कारण मोड बदलला की आकडेही बदलतात. आणि प्रत्येक एचडीएमआय पोर्टची सेटिंग बऱ्याच टीव्हींत वेगळी सेव्ह होते, एचडीआरची (उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त दाखवणारं चित्र) तर अजून वेगळी, तेव्हा सेट-टॉप बॉक्सवर केलेली मेहनत कन्सोलवर दिसत नाही म्हणून बोंबलू नका.

शार्पनेस वाढवणाऱ्यांना तर हात जोडतो. त्याने डिटेल वाढत नाही, कडांना पांढरी रेघ येते, बस. सॅमसंगवर शून्याकडे न्या, सोनीवर ५० म्हणजेच मधला न्यूट्रल आकडा, तिथे शून्य केलं तर उलट धूसर होईल. म्हणूनच दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे छापू नका.

दुसरी माझी आवडती चूक, काळ्या रंगाची. रात्रीचा सीन आला की काहीच दिसत नाही, किंवा काळ्याच्या जागी राखाडी धुकं. लोक लगेच ब्राइटनेसवर तुटून पडतात. आता गंमत अशी की काही टीव्हींत ब्राइटनेस म्हणजे पडद्यामागचा दिवा, काहींत म्हणजे काळ्याची पातळी, त्यामुळे कोण काय फिरवतंय त्यालाच माहीत नसतं. बरेचदा भानगड असते आरजीबी रेंजची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कोणत्या आकड्यांत पाठवायच्या त्याची. लिमिटेडमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, फुलमध्ये ० ते २५५. कन्सोल फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय, तर अंधारातलं सगळं गिळलं जातं, उलट झालं तर धुकं. पीएस ५ वर स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये ही रेंज ऑटोमॅटिक ठेवा, टीव्हीतली ब्लॅक लेव्हल पण ऑटो. तरी जमलं नाही तर दोन्हीकडे लिमिटेड. फुल म्हणजे जास्त भारी असं काही नसतं, जुळलं पाहिजे.

एचडीआर: डब्यावर स्टिकर आहे म्हणून स्वस्त टीव्हीचा प्रकाश वाढत नाही. तिथे एचडीआर बंद करूनच चित्र छान दिसतं, लाजू नका. चांगला टीव्ही असेल तर कन्सोलमधलं अॅडजस्ट एचडीआर करा, पण गेम मोड लावल्यानंतर, आणि स्क्रीनवरचं वाचून. नेक्स्ट नेक्स्ट दाबत जाणारे नंतर मलाच फोन करतात.

कोपऱ्यातला स्कोअर कापला जातोय? जस्ट स्कॅन किंवा फिट टू स्क्रीन चालू करा.

१२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, पाहिजे तर आधी टीव्हीचं पॅनल १२० चं आहे का बघा, मग केबल योग्य पोर्टात लावा, सगळे पोर्ट सारखे नसतात.

कलर टेम्परेचर वॉर्म ठेवा. आधी पिवळट वाटेल, दोन-चार दिवस कळ काढा, मग कूलवाला टीव्ही निळा दिसायला लागतो.

आणि ते एनर्जी सेव्हिंग बंद करा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला खिडकीतून जो उजेड येतो त्यात ते चालू असेल तर स्क्रीनमध्ये आपलंच तोंड दिसतं. जाड पडदा ओढा, बॅकलाइट वाढवा, रात्री परत कमी करा.